गेट, गो, थिंक : इंग्रजीच्या वाटेने नॉर्वेजियनकडे

प्रस्तावना

इंग्रजी-नॉर्वेजियन शब्दकोशात ‘गेट’ हा शब्द काढून बघा. एवढासा शब्द, दोन ओळींत आटपेल असं वाटतं. प्रत्यक्षात बारीक टाइपातला भलामोठा मजकूर समोर येतो. आकडे, आकड्यांच्या पोटात अक्षरं, मध्ये मध्ये तिरप्या ठशातली उदाहरणं. शिकाऊ माणूस अशा वेळी काय करतो ते ठरलेलं आहे. पहिल्या आकड्यापुढचा शब्द उचलायचा आणि कोश मिटायचा. तो पहिला शब्द बहुधा ‘फो’ असतो. मग ‘आय गॉट होम लेट’ हे वाक्य ‘फो’ घालून तयार होतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाला उशिरा का होईना, घर मिळालं! घरी पोहोचण्यासाठी नॉर्वेजियनमध्ये ‘कोम्मे’ लागतं. म्हातारं होण्यासाठी ‘ब्ली’, दूध घेऊन येण्यासाठी ‘हेन्ते’, विनोद कळण्यासाठी ‘श्योन्ने’, सकाळी अंथरुणातून उठण्यासाठी ‘स्तो ओप’. इंग्रजीने ही सगळी कामं एकट्या ‘गेट’च्या गळ्यात घातली आहेत.

ही पुस्तिका अशा शब्दांची आहे. अवघड शब्द इथे सापडणार नाहीत, कारण अवघड शब्द अवघड नसतातच. लोकशाहीला ‘देमोक्राती’, प्रकाशसंश्लेषणाला ‘फोतोस्यिन्तेसे’. ग्रीक-लॅटिनची पुंजी युरोपभर सारखी, तिथे कुणी अडत नाही. अडायला होतं ते स्वयंपाकघरात, बसथांब्यावर, डॉक्टरच्या दारात. शब्द जितका लहान आणि रोजचा, तितकी त्याची कामं जास्त, आणि दोन भाषांनी ती कामं एकाच पद्धतीने वाटून घेतलेली असण्याची शक्यता तितकी कमी.

ओस्लो, स्टाव्हांगर, ट्रॉनहाइम इथे नोकरीनिमित्त गेलेले किंवा जायच्या तयारीत पुण्या-डोंबिवलीत बसून धडे गिरवणारे मराठी वाचक डोळ्यांसमोर ठेवून या नोंदी केल्या आहेत. त्यांच्यापाशी नॉर्वेजियन शिकायचं जे साहित्य येतं ते इंग्रजीतून. शब्दार्थ इंग्रजीत, व्याकरणाचं स्पष्टीकरण इंग्रजीत, भ्रमणध्वनीवरच्या अ‍ॅपमधली वाक्यंही इंग्रजीत. साहजिकच आपण मराठीत विचार करतो, त्याचं इंग्रजी करतो आणि त्या इंग्रजीचं नॉर्वेजियन करतो. मधल्या मुक्कामावर बरंच सामान हरवतं. मराठीने जे अर्थ आधीच वेगळे ठेवले होते ते इंग्रजीत एका शब्दात कोंबले जातात आणि पुढे नॉर्वेजियनमध्ये पुन्हा वेगळे करताना घाम फुटतो. माझं सांगणं एवढंच आहे की दर वेळी इंग्रजीला विचारायची गरज नाही. अनेकदा मराठीला विचारलं तर उत्तर लवकर मिळतं. काही वेळा मराठीही दगा देते; ते कुठे, हेही या नोंदींत स्पष्ट सांगितलं आहे.

‘गेट’पासूनच सुरुवात केली, कारण या शब्दाचं मूळ खुद्द उत्तरेकडचं आहे. स्कँडिनेव्हियन सैन्याने ८६६ साली यॉर्क घेतलं आणि त्यानंतर कित्येक पिढ्या उत्तर आणि पूर्व इंग्लंडात दोन भाषा शेजारी शेजारी नांदल्या. तेव्हा इंग्रजीत शिरलेले शब्द दरबारी किंवा धार्मिक नव्हते, घरगुती होते. गेट, टेक, कॉल, एग, विंडो, स्काय, इतकंच काय ‘दे’ हे सर्वनामसुद्धा. म्हणजे नॉर्वेजियन माणूस ‘गेट’चं भाषांतर करतो तेव्हा आपल्याच पूर्वजांच्या शब्दाचं करतो. पण हजार वर्षांत दोन्ही घरांचे संसार निराळे झाले. ‘स्काय’चा नॉर्वेजियन भाऊ ‘श्यू’ आज ढगाला म्हणतात आणि आकाशाला ‘हिम्मेल’. ‘कॉल’चा भाऊ ‘काल्ले’ हा नाव ठेवण्यापुरता आणि बोलावण्यापुरता उरला. फोन करायला ‘रिंगे’, हाक मारायला ‘रूपे’. मराठीत आपण फोन करणं आणि हाक मारणं एकाच शब्दाने कधी सांगत नाही, त्यामुळे इथे चूक झाली तर ती इंग्रजीने केलेली समजावी.

आता तो ‘फो’. कोश म्हणतो, गेट किंवा रिसीव्ह. मराठी वाचकाने मात्र त्याच्यापुढे ‘मिळणे’ असं लिहून ठेवावं आणि निश्चिंत व्हावं. पत्र मिळालं, पगार मिळाला, वेळ मिळाला नाही, सगळीकडे ‘फो’. पण खरी मजा पुढे आहे. मराठीत आपण ‘मला जायला मिळालं’, ‘झोपायला मिळालं नाही’ म्हणतो, आणि नॉर्वेजियनही नेमकं तेच, ‘फो’पुढे दुसरं क्रियापद ठेवून म्हणतो. परवानगी, संधी आणि नशीब या तिन्ही छटा त्यात आपल्यासारख्याच मिसळलेल्या असतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला याच जागी मे, कॅन, गेट टू, बी अलाउड टू, मॅनेज टू अशी यादी पाठ करावी लागते. दाराशी उभं राहून ‘आत यायला मिळेल का’ विचारावं तसं ‘फोर याय कोम्मे इन’. बघू जरा, असं म्हणत हात पुढे करताना ‘फो से’. एक ठिकाण मात्र वेगळं: ‘याय फोर गो नो’ याचा अर्थ ‘मला आता जायला मिळतंय’ असा नसून ‘चला, निघायला हवं मला’ असा आहे. पाहुणे उठताना हे वाक्य हमखास म्हणतात. यजमानाने त्यात कैदेतून सुटल्याचा आनंद शोधू नये.

‘गो’ या शब्दावर मी सगळ्यात जास्त पानं खर्च केली आहेत आणि त्याबद्दल मला खंत नाही. इंग्रजीतला ‘गो’ आणि नॉर्वेजियनमधला ‘गो’ कानाला सारखेच लागतात, नातंही सख्खं आहे, आणि म्हणूनच फसगत होते. नॉर्वेजियन ‘गो’चा पहिला अर्थ पायी जाणं. ‘मी उद्या बर्गनला जातोय’ हे तुम्ही ‘गो’ वापरून ओस्लोत सांगितलंत तर समोरचा माणूस तुमच्या बुटांकडे बघेल. मध्ये हार्डांगरव्हिद्दाचं पठार आहे आणि आगगाडीनेही अंतर सुमारे ५०० किलोमीटर भरतं. प्रवासाला जायचं तर ‘रायसे’ किंवा ‘द्रा’, गाडी चालवत जायचं तर ‘श्योरे’.

एवढं सांगून शिक्षक थांबतात आणि विद्यार्थी समजतो, ठीक, ‘गो’ म्हणजे पायी जाणं. मग त्याच्या कानावर पडतं, घड्याळ ‘गो’ करतं, यंत्र ‘गो’ करतं, धंदा ‘गो’ करतो. इंग्रजी कोश अशा वेळी रन, वर्क, ऑपरेट असे एकेक नवे शब्द देत जातो. मराठी वाचकाला इतकं फिरायचं कारण नाही. नॉर्वेजियन ‘गो’ म्हणजे आपलं ‘चालणे’. माणूस चालतो, घड्याळ चालतं, दुकान चालतं, काम चाललंय. ‘वुर्दान गोर दे?’ याचा शब्दशः मराठी अवतार ‘कसं चाललंय?’ असा होतो आणि तो वापरलाही तसाच जातो, रस्त्यात भेटल्यावर, उत्तराची फारशी वाट न बघता. ‘दे गोर ब्रा’ म्हणजे ‘चालेल’ किंवा ‘बरं चाललंय’, जसा प्रश्न असेल तसं. कॉफीत दूध नसलं तर? ‘दे गोर ब्रा.’ बैठक अर्धा तास पुढे ढकलली तर? ‘दे गोर ब्रा.’ इंग्रजी माध्यमातून हे शिकवताना तीन वेगवेगळी समीकरणं फळ्यावर लिहावी लागतात. आपल्याला ‘चालेल’ म्हणून पुढे जाता येतं. अपवाद आहेत. आगगाडी आठला ‘गो’ करते तेव्हा ती चालत नसून सुटते. मुलगा शाळेत ‘गो’ करतो तेव्हा तो बसने जात असला तरी हरकत नसते, कारण तिथे जाणं म्हणजे शिकत असणं. आणि बर्फावर तर आणखी निराळं. ‘स्की’ या शब्दाचा उच्चार नॉर्वेजियन ‘शी’ असा करतात. सपाटीवरून, रानातून शी बांधून जाणं म्हणजे ‘गो पो शी’, शीवर चालणं. लिफ्टने डोंगरमाथ्यावर जाऊन उतारावरून खाली येणं म्हणजे ‘स्तो पो शी’, शीवर उभं राहणं. इंग्रजी ‘स्कीइंग’ दोन्हींना एकच. सोमवारी कचेरीत कुणी शनिवार-रविवार काय केलं ते सांगतो तेव्हा क्रियापदावरून कळतं, तो घाम गाळून आला की तिकीट काढून आला.

‘नो’ची नोंद त्या मानाने लहान आहे, कारण मराठी वाचकाला तिथे शिकायचं काहीच नाही. माहीत असणं ‘वीते’, ओळखणं ‘शेन्ने’, येणं ‘कुन्ने’. मला पत्ता माहीत आहे, मी त्या बाईंना ओळखतो, मला नॉर्वेजियन येतं: तीन क्रियापदं, तीन जागा, दोन्ही भाषांत बिनचूक जुळणाऱ्या. युरोपातल्या इतर भाषा बोलणाऱ्यांनाही हे जमतं. अडतो तो इंग्रजी बोलणारा आणि इंग्रजीतून शिकणारा. तसंच ‘लिव्ह’चं. राहणं ‘बू’, जगणं ‘लेवे’. ‘आस्क’चंही: प्रश्न विचारणं ‘स्पोर्रे’, मागणं किंवा विनवणं ‘बे’. ‘इफ’ जर ‘जर’च्या जागी असेल तर ‘विस’, आणि ‘पाऊस पडतोय का ते बघ’ यातल्या ‘का’च्या जागी असेल तर ‘ओम’. ‘हॉट’चे दोन भाग आपण कधीच केले आहेत. गरमला ‘वार्म’, तिखटाला ‘स्तॅर्क’. ओस्लोच्या उपाहारगृहात जेवण तिखट हवं म्हणून ‘वार्म’ मागाल तर ते पुन्हा तापवून आणतील, चव तीच राहील.

आता मराठी कुठे दगा देते ते. पहिलं ठिकाण म्हणजे ‘थिंक’. नॉर्वेजियनमध्ये त्याला चार क्रियापदं आहेत आणि त्यांची सरमिसळ मुरलेल्या माणसाकडूनही होते. डोक्यात विचार चालू असणं म्हणजे ‘तेंके’. ठाम मत असणं, भूमिका घेणं म्हणजे ‘मेने’. राहिले ‘त्रू’ आणि ‘स्यूनेस’, आणि खरा पेच इथे आहे. एखाद्या सिनेमाबद्दल ‘याय त्रूर’ म्हणालात तर तुम्ही तो पाहिलेला नाही. जाहिरात बघून, ऐकून अंदाज बांधताय. ‘याय स्यूनेस’ म्हणालात तर पाहिलाय आणि मत देताय. खात्री करून घेता येईल अशी गोष्ट ‘त्रू’मध्ये येते: गाडी सुटली असावी, दुकान बंद असेल. चवीचा, आवडीनिवडीचा प्रश्न आला की ‘स्यूनेस’. वाढलेलं कालवण तोंडात घालून ‘त्रू’ म्हटलं तर बनवणारीला वाटेल, याला चवच कळत नाही की काय.

मराठीत दोन्हीकडे ‘मला वाटतं’. म्हणून आपण ‘थिंक’ इतकेच गोंधळतो. पण मराठीने हा फरक अजिबात टाकून दिलेला नाही, तो वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवला आहे. ‘सिनेमा चांगला असावा’ किंवा ‘असेल’ म्हणणारा न पाहिलेला, आणि ‘चांगला वाटला’ म्हणणारा पाहून आलेला. भाषांतर करताना ‘मला वाटतं’कडे बघू नका, शेपटाकडे बघा. असावा, असेल, असणार दिसलं की ‘त्रू’. ही युक्ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला दिसलेली नाही आणि शिकवताना ती चांगली लागू पडते.

दुसरं ठिकाण ‘पुट’. इंग्रजीत पुट, मराठीत ठेवणे, दोघेही सारखेच बेफिकीर. नॉर्वेजियन माणूस वस्तू ठेवण्याआधी ती कशी राहणार आहे याचा विचार करतो. आडवी राहणार असेल तर ‘लेग्गे’, उभी राहणार असेल तर ‘सेत्ते’, लटकणार असेल तर ‘हेंगे’. आणि ठेवून झाल्यावर ती वस्तू नुसती ‘असत’ नाही. ती निजते, उभी राहते, बसते किंवा लटकते. जेवणाचं टेबल बघा. पेला उभा आहे, काटा-चमचा आडवा निजला आहे, हे समजतं. पण थाळी? चपटी असूनही ती उभी आहे, कारण ती आपल्या बुडावर, कामाच्या स्थितीत आहे. बूट दाराशी नीट ठेवले असतील तर उभे, आणि मुलांनी भिरकावले असतील तर आडवे. म्हणजे आईने काय क्रियापद वापरलं त्यावरून शेजारच्या खोलीत बसून कळतं की बोलणी कुणाला बसणार. किल्ली कुलपात बसलेली असते. शहर निजलेलं असतं. ओस्लो फियॉर्डच्या काठी ‘लिग्गे’ करतं. आणि वर्तमानपत्रातली बातमी उभी असते: ‘दे स्तोर इ आविसा’, पेपरात उभं आहे, म्हणजे छापून आलंय. या सगळ्याला इंग्रजीत एकच ‘इज’ आणि मराठीत एकच ‘आहे’. इथे कुठलीही मधली भाषा कामाची नाही. डोळ्यांपुढे वस्तू आणावी लागते.

वेळेच्या शब्दांनी माणसं खरोखर अडचणीत येतात, म्हणून ती नोंद आधी वाचावी अशी विनंती आहे. इंग्रजी ‘टाइम’चे नॉर्वेजियन भाग असे: वाहता काळ ‘तीद’, खेप ‘गांग’, घड्याळातली वेळ ‘क्लोक्का’. लिहिताना ‘टाइम’सारखाच दिसणारा ‘तीमे’ म्हणजे तास, शाळेतला तास आणि डॉक्टरकडची घेतलेली वेळसुद्धा. ‘डे’चे दोन: उजेडातला ‘दाग’ आणि पूर्ण चोवीस तासांचा ‘डोयन’. आपल्याकडे त्याला अहोरात्र हा सुंदर शब्द आहे, पण औषधाच्या बाटलीवर आपण तो लिहीत नाही. नॉर्वेजियन लिहितात. दर डोयनला अमुक गोळ्या, म्हणजे चोवीस तासांत मिळून तेवढ्या. ‘पर डे’चं भाषांतर करणाऱ्याने इथे थबकायला हवं. ‘टुनाइट’मध्ये मराठी पुन्हा दगा देते. आपण रात्री आठ वाजता जेवायला बोलावतो; नॉर्वेजियन लोकांचे रात्रीचे आठ ‘क्वेल’मध्ये मोडतात, म्हणजे संध्याकाळीत. ‘नात्त’ म्हणजे लोक झोपलेले असतात तो वेळ. त्या शब्दाने जेवणाचं आमंत्रण दिलंत तर कुणी येणार नाही. ट्रॉम्सोत २० मेच्या सुमारापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही, तरीही तिथे क्वेल असते आणि नात्तही असते. शब्द उजेडावर ठरत नाही, झोपेवर ठरतो.

नात्यांच्या शब्दांत इंग्रजी जेवढी गरीब आहे तेवढी नॉर्वेजियन नाही, आणि मराठी दोघींपेक्षा श्रीमंत. गंमत अशी की आजीच्या बाबतीत चित्र उलटतं. आईची आई ‘मुरमुर’ आणि वडिलांची आई ‘फारमुर’. आपल्याला कुरमुऱ्यांची आठवण होते खरी, पण हिंदीतल्या नानी-दादीसारखा हा भेद मराठीच्या ‘आजी’त नाही. इंग्रजी कादंबरीत नुसती ‘ग्रँडमदर’ आली की नॉर्वेजियन भाषांतरकार दोनशे पानं पुढे वाचून ती कुणाची कोण ते शोधतो. नाहीच सापडलं तर ‘बेस्तेमूर’ लिहून सुटका करून घेतो. मावशी, आत्या, काकू, मामी मात्र सगळ्या ‘तान्ते’. ‘गर्लफ्रेंड’ दोन वाटांनी जाते: मुलीची मैत्रीण ‘वेनिन्ने’, प्रेमाचं माणूस ‘शॅरेस्ते’, आणि हा दुसरा शब्द मुलगा-मुलगी दोघांनाही चालतो. इथे चूक करू नका, घरोघरी स्पष्टीकरणं द्यावी लागतात.

‘प्लीज’ला नॉर्वेजियनमध्ये शब्दच नाही, आणि हे वाचून इंग्रजी बोलणारे हळहळतात. मराठी माणसाने हळहळू नये. आपल्याकडेही ‘कृपया’ हा पाटीवरचा शब्द आहे. बोलताना आपण ‘जरा दे ना’ म्हणतो. नॉर्वेजियन लोक वाक्याच्या शेवटी ‘ताक्क’ म्हणजे आभार जोडतात: एक कॉफी, ताक्क. कोशात ‘प्लीज’पुढे दिलेला ‘वॅर सो स्निल’ हा प्रयोग काकुळतीचा आहे. दुकानात दर वेळी तो वापरलात तर पावासाठी गयावया केल्यासारखं वाटतं.

उलट्या दिशेची उदाहरणंही आहेत, ती मुद्दाम थोडी ठेवली. शिकणं आणि शिकवणं दोन्हींना ‘लॅरे’, उसनं घेणं आणि उसनं देणं दोन्हींना ‘लोने’. मागचापुढचा शब्द बघून कोण कुणाचं देणं लागतो ते ठरवायचं. स्टाव्हांगरच्या तेल कंपन्यांत काम करणाऱ्यांना ‘सिक्केरहेत’ रोज भेटतो. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्कचा साठा सापडला आणि त्या शहराची भाषा निम्मी इंग्रजी झाली. इंग्रजीत सेफ्टी वेगळी, सिक्युरिटी वेगळी. नॉर्वेजियन ‘सिक्केरहेत’ दोन्हींना पुरतो, वर खात्रीला आणि कर्जाच्या तारणालाही तोच. तांत्रिक मजकूर लिहिणारे म्हणून घातपातापासूनच्या संरक्षणाला ‘सिक्रिंग’ असा वेगळा शब्द योजतात.

नॉर्वेजियन एक नाही, हे इथे सांगायलाच हवं. लिहायची दोन अधिकृत रूपं आहेत, बूकमोल आणि नुनोर्स्क. डॅनिश लिखाणातून हळूहळू घडलेलं ते बूकमोल. गावोगाव फिरून बोली टिपणाऱ्या ईवार ओसेन यांनी एकोणिसाव्या शतकात ज्याचा पाया घातला ते नुनोर्स्क. ओसेन यांचं व्याकरण १८४८ चं, पहिला कोश १८५० चा. १८८५ मध्ये संसदेने दोन्हींना समान दर्जा दिला. आज नुनोर्स्कमधून शिकणारी शाळकरी मुलं साधारण दहात एक असली तरी सरकारी कागदांवर ते रूप सतत भेटतं. या पुस्तिकेतल्या नोंदी बूकमोलच्या आहेत. वर सांगितलेलं ‘सिक्केरहेत’ नुनोर्स्कमध्ये बहुधा ‘त्रिग्गलाइक’ होतं, कारण जर्मन वळणाच्या ‘-हेत’ शेपटाशी त्या परंपरेचं जुनं वैर आहे. उच्चार देवनागरीत अदमासाने आणि ओस्लोकडचे दिले आहेत. बर्गनचा माणूस ‘र’ घशातून काढेल. ‘शेन्ने’तला पहिला वर्ण मुळात ‘श’ नाही, त्याहून मऊ आहे. हल्लीची तरुण मंडळी सरसकट ‘श’ म्हणतात आणि वडीलधारे नाकं मुरडतात.

या कामात ज्यांचं ऋण मानायला हवं त्यांत एइनार हाउगेन पहिले. अमेरिकेत नॉर्वेजियन आईबापांच्या पोटी जन्मलेल्या या भाषाशास्त्रज्ञाचा नॉर्वेजियन-इंग्रजी कोश १९६५ मध्ये निघाला आणि त्यात दोन्ही लेखनरूपं एकत्र आहेत. १८२५ मध्ये स्टाव्हांगरहून पहिलं जहाज निघालं, त्यानंतरच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या आसपास नॉर्वेजियन अमेरिकेत गेले. त्यांची शेतावरची भाषा दोन्हींची खिचडी झाली होती आणि हाउगेन यांनी ती आयुष्यभर अभ्यासली. कोशाच्या नोंदीत संदर्भ किती लागतो हे त्यांच्या कोशाइतकं मला दुसरीकडे शिकायला मिळालं नाही. भाषांतरकारांची गोष्ट निघाली की नॉर्वेत तोर्स्ताइन बुग्गे होवेरस्ताद यांचं नाव निघतं. हॅरी पॉटरमधल्या डंबलडोरला त्यांनी ‘हुम्लेस्नुर’ केलं आणि हॉगवर्ट्‌सला ‘गाल्तवोर्त’. मुलांना ती नावं अजून पाठ आहेत. कौतुक रास्त आहे. तरी मला वाटतं (इथे ‘मेने’ धरावं), अशी नावं घडवणं हा भाषांतरातला सणासुदीचा भाग. पानोपानी येणारा ‘आय थिंक’ कुठे त्रू आणि कुठे स्यूनेस हे ठरवणं हा रोजचा स्वयंपाक, आणि भाषांतर बिघडतं ते तिथे.

यंत्राचं काय, असं कुणी विचारेलच. यंत्रं झपाट्याने सुधारली आहेत. मात्र मराठीतून नॉर्वेजियनमध्ये जाताना तीही बऱ्याचदा इंग्रजीवरूनच जातात. ‘तुम्ही सगळे’ आणि ‘तू’ दोघांचा ‘यू’ झाला की पुढे ‘दू’ घ्यायचा की ‘देरे’ हा जुगार. मामेभाऊ ‘कझिन’ होतो, आणि नॉर्वेजियनला भाऊ असेल तर ‘फेत्तेर’ व बहीण असेल तर ‘कुसिने’ हवी असते. मधल्या मुक्कामावर ती माहिती पडून गेलेली असते. यंत्राला एकटा शब्द देऊ नका. पूर्ण वाक्य द्या, शक्यतो मागचं-पुढचंही, आणि आलेलं उत्तर बर्गन विद्यापीठ आणि भाषा परिषद मिळून चालवत असलेल्या ‘बूकमोल्सूर्दबूका’ या मोफत ऑनलाइन कोशात ताडून बघा. तो नॉर्वेजियन-नॉर्वेजियन आहे. सुरुवातीला जड जाईल, पण उदाहरणं तिथलीच खरी.

वापरायची रीत सांगतो. नोंदी वर्णानुक्रमे लावल्या आहेत, तरी तशा वाचू नयेत. आधी टाइम आणि डे, कारण तिथली चूक महाग पडते. मग गेट, गो, थिंक, पुट. बाकीचे शब्द अडेल तसे बघावेत. शब्द शोधण्यापूर्वी तुमचं मूळ मराठी वाक्य कागदावर लिहा, इंग्रजी वाक्य नव्हे. प्रत्येक नोंदीखाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. तुमच्या गावात, तुमच्या कचेरीत तो शब्द कसा ऐकू आला ते तिथे टिपून ठेवा, आणि इथे दिलेल्यापेक्षा ते वेगळं निघालं तर प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत ती भर घालता येईल.